टोपातले केस कोणाचे? (थ्रेड)

१/ इंग्लंडच्या नौदल-कारभारातील अधिकारी सॅम्युअल पेपिस याने ३ सप्टेंबर १६६५ रोजी नवा केसांचा टोप घातला. टोप बराच आधी घेतलेला होता. पण खरेदीच्या वेळी वेस्टमिन्स्टरमध्ये प्लेग असल्याने तो वापरण्याचा धीर त्याला झाला नव्हता.

२/ त्या दिवशीच्या रोजनिशीत तो म्हणतो की, साथीनंतर टोपांच्या फॅशनचे काय होईल कोण जाणे. प्लेगने मेलेल्यांच्या डोक्यावरून कापलेले असतील या भीतीने केस कोणी विकतच घेणार नाही. टोपातले केस कोणाचे, हा प्रश्न मात्र पेपिसच्याही फार पूर्वीचा आहे.

३/ रोमन कवी ओव्हिड याच्या 'आमोरेस' या संग्रहातील एका कवितेत केस रंगवता रंगवता ते गमावून बसलेली प्रेयसी आहे. आता जर्मानियातील बंदिवान स्त्रियांचे केस तुला मिळतील, असे कवी तिला सांगतो. कोणी त्या केसांची स्तुती केली की ती लाजेल, कारण ती स्तुती दुसरीचीच असेल. रणांगणावरील पराभवाची किंमत अशी केसांतूनही वसूल होत असे.

४/ सतराव्या शतकात फ्रान्सचा राजा तेरावा लुई याला तरुणपणीच टक्कल पडू लागले आणि त्याने टोप स्वीकारला. पुढे चौदाव्या लुईच्या दरबारात टोप प्रतिष्ठेचे चिन्ह ठरला. मागणी वाढली, तसा केसांचा व्यापारही वाढला.

५/ एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील जत्रांमध्ये केसांचे व्यापारी फिरत. शेतकरी घरांतील मुली थोड्या पैशांसाठी किंवा कापडाच्या तुकड्यासाठी केस कापू देत. तेथील स्त्रिया डोके झाकणारी टोपी घालत, त्यामुळे कातरलेले डोके चारचौघांत दिसत नसे. येथे सक्ती तलवारीची नव्हती, गरिबीची होती.

६/ त्याच शतकात महाराष्ट्रात केसांवरील हक्काचा प्रश्न निराळ्या रूपात उभा राहिला. ब्राह्मणादी जातींतील विधवांचे केशवपन होई. ते केस टोपासाठी नव्हते; पण जिचे केस, तिची संमती तेथेही दुय्यमच होती. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. हा नकार वस्तरा धरणाऱ्यांचा होता. विधवेचा स्वतःचा नकार ऐकला जाण्यास आणखी बराच काळ जावा लागला.

७/ तिरुमला येथे भाविक स्वेच्छेने केस अर्पण करतात; महाराष्ट्रातूनही अनेक जण जातात. देवस्थान ते केस लिलावाने विकते. २००४ मध्ये एका ज्येष्ठ रब्बींनी असे केस मूर्तिपूजेशी संबंधित असल्याचा निर्णय दिला आणि इस्रायल व न्यूयॉर्कमधील काही सनातनी ज्यू स्त्रियांनी आपले टोप जाळले. केस देणाऱ्याच्या मनात काय होते, यावर तेव्हा चर्चा झाली.

८/ दरम्यान टोपाची गरजही बदलली होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कर्करोगावर केमोथेरपी रुळली. ही औषधे झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर आघात करतात. केसांच्या मुळांतील पेशीही तशाच असल्याने केस गळतात. मुलांना दान केलेल्या केसांचे टोप मिळावेत म्हणून १९९७ मध्ये अमेरिकेत 'लॉक्स ऑफ लव्ह' आणि २००६ मध्ये ब्रिटनमध्ये 'लिटल प्रिन्सेस ट्रस्ट' या संस्था उभ्या राहिल्या.

९/ दान करताना केस आधी घट्ट बांधून मगच कापतात. केसाच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म खवले मुळाकडून टोकाकडे वळलेले असतात. दिशा उलटसुलट झाली की केसांचा गुंता होतो. एका टोपासाठी अनेकांच्या वेण्या लागतात आणि हाताने टोप करताना बारीक आकडीने केस जाळीत गुंफावे लागतात.

१०/ केसांचा बाजार आजही मोठा आहे; दान हा त्याचा लहानसा भाग. पण या दीर्घ इतिहासात दानाचे वेगळेपण स्पष्ट दिसते. आज पुण्या-मुंबईत एखादी तरुणी कर्करुग्णासाठी वेणी कापते, तेव्हा ते केस कोणासाठी आहेत हे तिला ठाऊक असते. आणि कापायचे की नाही, हे तिने स्वतः ठरवलेले असते.