स्टेनलेस स्टीलची भांडी
पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम असले की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर धरतो आणि गंज रोखतो. शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ मध्ये असे पोलाद तयार केले.

घेताना तळाचा ठसा पाहावा. ‘३०४’ किंवा ‘१८/८’ म्हणजे सुमारे १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. कढी, सोलकढी, चिंचेच्या आमटीला हाच दर्जा बरा. २०० मालिकेत बरेचसे निकेल वगळून मँगनीज घालतात. भांडे स्वस्त पडते, पण लवकर डागाळते.

स्टील उष्णता सावकाश पसरवते. पातळ पातेल्यात दूध बुडाला लागते ते त्यामुळेच; मध्ये ॲल्युमिनियमचा थर असलेली ‘ट्रायप्लाय’ कढई म्हणूनच जास्तीचे पैसे वसूल करते.

गार पाण्यात टाकलेले मीठ तळाशी बसून बारीक खड्डे पाडते. ते उकळी आल्यावर घालावे. इंद्रधनुषी डाग लिंबाच्या फोडीने निघतात. खड्डे मात्र कशानेही भरत नाहीत.