छत्री आणि आगगाडी

पावसाळा आला की आमच्या ठाणे-कल्याणकडील घरांतून रोज सकाळी एक प्रश्न हटकून ऐकू येतो: आज छत्री घ्यावी की न घ्यावी? प्रश्न क्षुल्लक खरा. पण त्यालाही इतिहास आहे, आणि आमच्या मते तो आगगाडीपासून सुरू होतो.

त्यापूर्वी हा प्रश्न सामान्य माणसाला पडतच नसे. छत्र हे राजचिन्ह आणि अबदागीर सरदारांचा मान. उल्हास नदीकाठच्या खाचरांत वाकून भात लावणाऱ्याला इरले पुरे. मृग लागला की ते खाली निघे, पाऊस सरला की पुन्हा वर जाई. त्या नक्षत्राचे वाहन बेडूक आहे की गाढव, एवढे जोशीबुवांनी पंचांगात पाहून सांगितले की अंदाज झाला! शिवाय ज्या आभाळाखाली निजावयाचे, त्याच आभाळाखाली राबावयाचे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत गाडी धावली. पुढल्याच वर्षी ती कल्याणला पोचली. मग नोकरीसाठी रोजचे जाणे-येणे वाढत गेले, आणि एका माणसाच्या वाट्याला दोन आभाळे आली. कल्याणचे आभाळ त्याला अंगणातून दिसे. पण सुमारे ५४ किलोमीटरांवरचे मुंबईचे, आणि तेही संध्याकाळचे, त्याने कसे पाहावे? पारसिकच्या डोंगराच्या एका अंगाला ऊन आणि दुसऱ्या अंगाला सरी, हा तर नित्याचा अनुभव.

कुलाब्याची वेधशाळा १८२६ची, हवामान खाते १८७५चे. आज उपग्रह व रडार आहेत, फोनवर इशारेही येतात. तथापि इशारा मिळतो तो सबंध जिल्ह्याला, आणि आमचा जिल्हा भाईंदरच्या किनाऱ्यापासून माळशेज घाटापर्यंत पसरलेला. २६ जुलै २००५ची गोष्ट घ्या. चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कुलाब्याला अवघा ७३! दोहोंत तीस किलोमीटरही अंतर नाही. दक्षिण मुंबईतल्या कचेरीच्या खिडकीतून पाहणाऱ्या डोंबिवलीकराला छत्रीने भागेल एवढाच पाऊस दिसला असेल. इकडे उल्हास नदीचे पाणी कल्याणात शिरत होते. गाड्या बंद पडल्या आणि हजारो माणसे रुळांवरून पायी निघाली. त्या रात्री छत्रीवाले आणि बिनछत्रीवाले सारखेच भिजले.

डोंबिवलीच्या फलाटावरची मुरलेली माणसे म्हणूनच आभाळाकडे पाहतच नाहीत. मृगाला पिशवीत गेलेली छत्री हस्त संपेपर्यंत ते बाहेर काढून ठेवीत नाहीत; म्हणजे नियम पुन्हा इरल्याचाच झाला. गाडीतल्या फळीवर ती विसरून राहिली तर गोष्ट वेगळी. खरी पंचाईत होते ती मे महिन्यात. सकाळी लख्ख ऊन असते, सायंकाळी वळीव कोसळतो आणि छत्री कपाटावर असते.