यंत्राचे शहाणपण कोणाचे?



वसंत ऋतूतील व्याख्यानाला यायचे ते काव्य, इतिहास किंवा संतविचार ऐकायला, असा आपल्याकडे प्रघात आहे. आम्ही मात्र आज आपल्यापुढे लोखंड, भट्टी आणि यंत्रमानव घेऊन उभे आहोत. आमचे शाळेतील शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात आणि द्वारसभांत. तेव्हा विद्वत्तेचा आव आणण्याचे कारण नाही. पण जो प्रश्न आज कारखान्याच्या दारात उभा आहे, त्याचा मागचा इतिहास कामगाराने स्वतः समजून घेतला पाहिजे, असे आमचे मत आहे.

'जालना, सोने का पालना' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. निजामाच्या अमलात 1900 च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी आगगाडी इथून धावू लागली आणि कापसाच्या बाजारपेठेला बळ आले. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे 'महिको' स्थापन केली आणि बियाण्यांच्या धंद्याने गावाचे नाव देशभर गेले. 1981 साली जालना जिल्हा झाला. पोलादी सळईचा धंदाही इथे फोफावला. भंगार विजेच्या भट्टीत वितळवायचे, त्याचे लांबट ठोकळे ओतायचे, ते लाल करून रुळांतून काढायचे, की इमारतीची सळई तयार होते. जुन्या पद्धतीच्या मिलमध्ये रुळांतून सळसळत येणारी लालभडक सळई सांडशीने पकडून पुढच्या रुळात घालण्याचे काम माणूस करी. एक पाऊल चुकले की पाय गेला. असे हे काम. ते यंत्राने करावे, याला कोणता शहाणा माणूस विरोध करील?

तरीही विरोध होतो. तो का होतो, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

1804 च्या सुमारास फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्ड याने एक माग केला. नक्षी विणताना कोणते धागे उचलायचे, हे त्याने पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर भोके पाडून ठरवले. पत्ते बदलले की नक्षी बदलली, माग तोच. पुढे हे साधन आपल्या येवल्याच्या मागांवरही आले. ज्याला आज 'लवचिक स्वयंचलन' म्हणतात त्याचे बीज इथे आहे. जे यंत्र जन्मभर एकच काम करते ते ताठर. जे नुसती सूचना बदलताच दुसरे काम करू लागते ते लवचिक. परंतु त्या पत्त्यांत साठवले गेले ते काय? विणकराच्या डोक्यातले ज्ञान. ते डोक्यातून निघाले आणि पुठ्ठ्यावर आले. पुठ्ठा ज्याचा, त्याचे ज्ञान.

मुंबईच्या गिरण्यांनी हाच प्रश्न दुसऱ्या रूपात पाहिला. 1928 साली सुमारे दीड लाख कामगारांनी सहा महिने संप केला. त्याच्या मुळाशी 'रॅशनलायझेशन' होते. म्हणजे एका माणसाने अधिक माग आणि अधिक साचे सांभाळायचे. या संपाची एक बाजू आपण क्वचितच सांगतो. चांगली मजुरी मिळे त्या विणखात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातील धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्याचा विटाळ मानला जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे ठामपणे मांडला. कसबाच्या दाराला कुलूप लावणारा मालकच असतो असे नाही. कधी कधी ते आपल्याच माणसांनी लावलेले असते. नव्या यंत्राचे शिक्षण कोणाला मिळते, हे पाहताना हा धडा विसरता कामा नये.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत या गोष्टीला वेग आला. विमानांचे अवघड आकाराचे भाग कातण्यासाठी जॉन पार्सन्स याने आकड्यांच्या आधारे यंत्र चालवण्याची कल्पना मांडली आणि 1952 साली मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयात असे यंत्र चालवून दाखवण्यात आले. त्याच्या सूचना भोके पाडलेल्या फितीवर होत्या. त्याच काळात दुसरीही एक वाट उपलब्ध होती. कुशल कारागिराने एकदा काम करून दाखवायचे, त्याच्या हाताच्या हालचाली फितीवर नोंदवायच्या आणि यंत्राने त्या पुन्हा करायच्या. या वाटेत कारागीर हा यंत्राचा गुरू राहिला असता. मान्यता मिळाली ती पहिल्या वाटेला. त्यात सूचना कचेरीत लिहिल्या जातात आणि कारागीर बटणापाशी उभा राहतो. यंत्राची वाट ही निसर्गाने आखून दिलेली नसते, माणसे ती निवडतात, हे आम्हांला या इतिहासातून कळले.

1961 साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या एका कारखान्यात 'युनिमेट' हा पहिला औद्योगिक यंत्रमानव कामाला लागला. त्याचे काम साच्यातून निघालेले तप्त धातूचे भाग उचलण्याचे. म्हणजे आपल्या सांडशीवाल्याचाच तो भाऊबंद! त्याच दशकात इंग्लंडमधील मोलिन्स कंपनीत थिओ विल्यमसन याने 'सिस्टिम 24' आखली. अनेक यंत्रे एका संगणकाच्या हुकमतीखाली जोडायची आणि चोवीस तास निरनिराळे भाग घडवायचे, अशी ती योजना. ती पुरती तडीस गेली नाही, तरी लवचिक कारखान्याची कल्पना तिने रुजवली. 1991 साली आयर्लंडमधील लिमरिक येथे या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि पुढे अशा परिषदा भरत राहिल्या. आता संशोधन आणखी पुढे गेले आहे. यंत्राला कॅमेऱ्याचे डोळे आले, उष्णता आणि कंप जाणणारी साधने आली, बिघाड होण्याआधीच त्याची वर्दी देणारे गणित आले. माणसाच्या शेजारी कुंपणाशिवाय काम करणारे, अंगाला धक्का लागताच थांबणारे यंत्रहात आले. आपल्या पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यातही ते मोटारसायकलच्या जुळणीत वापरले गेले आहेत.

आता आमच्याच एका चुकीची गोष्ट सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी एका मिलमध्ये नवी यंत्रसाखळी बसायची होती. भट्टीवर एक जुना कामगार होता. रसाचा रंग पाहून तो उष्णता सांगे, आणि ठोकळा कधी बाहेर काढायचा याचा त्याचा अंदाज सहसा चुकत नसे. पंधरा दिवस एक इंजिनिअर त्याच्याशेजारी बसून वहीत टिपणे घेत होता. कामगाराला कौतुक वाटले. त्याने मनापासून सारे सांगितले. पुढे त्याच टिपणांवरून यंत्राचे आकडे बसवले गेले, आणि सांडशीवाल्यांबरोबर त्यालाही हिशेब देऊन घरी पाठवले. आम्ही काय केले? 'यंत्र नको' अशी घोषणा दिली, अठरा दिवस काम बंद ठेवले आणि हरलो. आम्ही त्याच्या नोटिशीसाठी भांडलो, त्या वहीसाठी भांडलो नाही. वही भरली जात होती तेव्हाच विचारायला हवे होते की, या ज्ञानाचा मोबदला काय? या यंत्रावर शिकून बसणार कोण? त्या माणसाने नंतर आम्हांला एकदाच विचारले, "दादा, माझी नजर त्यांनी घेतली, मग मला का नाही ठेवलं?" याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

उत्तर मुळीच नाही असे मात्र नाही. नॉर्वेच्या लोखंड व धातू कामगार संघाने 1971 ते 1973 या काळात संगणकतज्ज्ञ क्रिस्टन निगार्ड यांना सोबत घेऊन स्वतःचे संशोधन केले. नवे तंत्र येण्यापूर्वीच ते समजून घ्यायचे आणि कामगारांच्या बाजूने प्रश्न विचारायचे, हा त्याचा हेतू. त्यातून संगणकाविषयीचे करार झाले. यंत्रणा बसण्याआधी माहिती मिळण्याचा हक्क आणि कामगारांचा त्या विषयातला स्वतःचा प्रतिनिधी, या गोष्टी त्यांनी मिळवल्या.

आणि आपल्या देशातही पाया घातलेला आहेच. 1956 साली औद्योगिक विवाद कायद्यात 9अ हे कलम आले. कामगारकपात होण्याजोगी तंत्रसुधारणा करण्याआधी नोटीस देणे त्याने बंधनकारक झाले. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही नोटिशीची ही तरतूद ठेवलेली आहे. 1957 च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार या तिघांनी मिळून मान्य केले की, सुधारणा करताना असलेल्या कामगारांना काढू नये व त्यांची मिळकत घटू नये, लाभाची वाटणी समाज, मालक आणि कामगार यांच्यात न्यायाने व्हावी, आणि कामाचा बोजा उभयमान्य तज्ज्ञांनी ठरवावा. ही तीन वाक्ये लवचिक यंत्राच्या युगात अधिकच खरी ठरतात. यंत्र जर दिवसाला दहा कामे शिकू शकते, तर माणसाला दुसरे एक काम शिकवायला वेळ नाही, हे कोणी म्हणू नये.

म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे. सांडशी यंत्राच्या हाती जाऊ द्या. त्या आगीपुढे पुन्हा कोणाचा मुलगा उभा राहू नये. परंतु यंत्राला शिकवणारा जो माणूस, त्याचे नाव त्या वहीच्या पहिल्या पानावर असावे आणि त्याची जागा त्या कारखान्यात असावी. जालन्याच्या तंत्रशिक्षण संस्थांनी भट्टीवरच्या कामगारांसाठी संध्याकाळचे वर्ग उघडावेत, त्यात स्थानिक आणि परप्रांतीय असा भेद करू नये, आणि आमच्या संघटनांनी घोषणेबरोबर पाटीपेन्सिलही हाती घ्यावी.