सात वर्षांचा फेव्हरिट

मंडळी, आमच्या हापिसात गोल्फ बघणारे एकूण पाच जण. (खेळणारा एकही नाही. गोल्फ क्लबची फी आणि घराचा हप्ता एका पगारात बसत नाहीत.) पाचही जण कधी ना कधी ऑनसाइटला जाऊन हा नाद लावून घेऊन आलेले. दर एप्रिलमध्ये मास्टर्स सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाने एक नाव लिहून द्यायचं, आणि ज्याचा गडी सगळ्यात खाली राहील त्याने बाकीच्यांना मिसळ खिलवायची, असा आमचा नियम आहे. २०२५ साली मी रोरी मॅकिलरॉयचं नाव लिहिलं तेव्हा बाकीचे चौघं हसले. हसणारच. त्याने शेवटची मोठी स्पर्धा जिंकली होती २०१४ मध्ये, आणि मास्टर्स तर एकदाही नाही. तरी दर वर्षी कोणीतरी त्याचं नाव लिहायचंच.

त्या वर्षी आपल्याकडे सोमवारची पहाट उजाडायच्या बेतात असताना तो जिंकला. तेही सरळ नाहीच. शेवटच्या होलला छोटासा पट चुकवून, बरोबरी करून, मग प्लेऑफमध्ये. मिसळ माझ्यावर आली नाही. पण मी विचार करत बसलो तो वेगळ्याच माणसाचा. ज्याने ही मास्टर्स स्पर्धा क्लिफर्ड रॉबर्ट्सच्या जोडीने १९३४ मध्ये सुरू केली, त्या बॉबी जोन्सचा. कारण 'दर वर्षी फेव्हरिट आणि दर वर्षी पडणार' हा प्रकार त्याने रोरीच्या शंभर वर्षं आधी भोगला होता.

मला जोन्सबद्दल आपुलकी वाटायची आणखी दोन कारणं आहेत. एक म्हणजे हा बाबा आपल्यातला. १९२२ साली जॉर्जिया टेकमधून मेकॅनिकल इंजिनियरिंगची पदवी घेतलेला. (इंजिनियरिंग करून भलतंच काहीतरी करायची परंपरा फक्त आपल्याकडेच आहे असं नाही!) दुसरं म्हणजे तो २८व्या वर्षी रिटायर झाला. मला येत्या डिसेंबरात २८ पूर्ण होतील, आणि माझ्या अप्रेझलच्या फॉर्मवर सलग तिसऱ्या वर्षी 'पोटेन्शियल : हाय' असं लिहून आलंय. प्रमोशन अर्थातच दुसऱ्याला.

असो. तर गोष्ट सुरू होते १९१६ मध्ये.

त्याआधी एक खुलासा. जोन्स आयुष्यभर हौशी खेळाडू म्हणून खेळला. आपल्याकडे 'हौशी' म्हटलं की राज्य नाट्य स्पर्धा आठवते, आणि 'हौशी आहेत, सांभाळून घ्या' असा एक सूर त्यात असतो. तेव्हाच्या गोल्फमध्ये उलटं होतं. हौशी म्हणजे घरचं बरं असलेला, बक्षिसाचे पैसे न घेणारा, प्रतिष्ठित माणूस. पैशासाठी खेळणारे व्यावसायिक बिचारे बऱ्याच क्लबांच्या मुख्य इमारतीत पायही ठेवू शकत नसत. १९२०च्या यूएस ओपनला इन्व्हर्नेस क्लबने त्यांना दार उघडलं, हीच तेव्हा बातमी होती. मोठ्या स्पर्धा चार: ब्रिटन आणि अमेरिका या दोन देशांच्या 'ओपन', ज्यात सगळेच खेळू शकत, आणि दोन 'अमॅच्युअर', ज्या फक्त हौशींसाठी.

जोन्स अटलांटाच्या वकिलाचा मुलगा. ईस्ट लेकच्या मैदानाला लागून घर, आणि तिथला स्कॉटिश प्रशिक्षक स्ट्युअर्ट मेडन याची नक्कल करत करत तो खेळायला शिकला. १९१६ मध्ये मेरियनला यूएस अमॅच्युअरमध्ये उतरला तेव्हा वय होतं १४. पहिल्या सामन्यात त्याने एका माजी विजेत्याला घरी पाठवलं, दुसराही जिंकला, आणि तिसऱ्यात आदल्या वर्षीच्या विजेत्याकडून, बॉब गार्डनरकडून, हरला. चौदा वर्षांच्या पोराचा तो स्विंग बघून जाणकारांनी निकाल लावून टाकला: हा उद्याचा चॅम्पियन. आता प्रश्न फक्त कधी, एवढाच.

तो 'उद्या' उजाडायला सात वर्षं लागली.

मधली दोन वर्षं पहिल्या महायुद्धामुळे स्पर्धाच झाल्या नाहीत. १९१९ मध्ये ओकमाँटला तो थेट अंतिम सामन्यात पोचला आणि डेव्हिडसन हेरनकडून पाच-चारने हरला. (म्हणजे चार होल शिल्लक असताना समोरचा पाच होलनी पुढे. पुढे खेळण्यात अर्थच उरत नाही, हस्तांदोलन करायचं आणि निघायचं.) १९२० मध्ये उपांत्य फेरीत फ्रान्सिस विमेटने सहा-पाचने धुतलं. हा सामना झाला त्या क्लबचं नाव काय असावं? 'एंजिनियर्स कंट्री क्लब'! मी हे वाचलं तेव्हा खुर्चीतून पडायचा बाकी होतो. १९२२ मध्ये स्कोकीला यूएस ओपन, जीन साराझेनपेक्षा एकच फटका जास्त. त्याच वर्षी अमॅच्युअरच्या उपांत्य फेरीत जेस स्वीट्सरने आठ-सातने लोळवलं.

लक्षात घ्या, तो वाईट खेळत नव्हता. वाईट खेळणारा माणूस अंतिम फेरी, उपांत्य फेरी, एका फटक्याने दुसरा, इथवर पोचत नाही. म्हणूनच पुढच्या वर्षी अंदाज वर्तवणारे पुन्हा त्याचंच नाव लिहीत. आणि तो पुन्हा हरे.

मग अडत होतं कुठे? काही अंशी डोक्यात. अक्षरशः. पोराचा राग भयंकर. १९२१ मध्ये सेंट अँड्र्यूजला, म्हणजे गोल्फच्या पंढरीत, ब्रिटिश ओपनच्या तिसऱ्या फेरीत पहिल्या नऊ होलना ४६ फटके झाले, पुढे अकराव्या होलला चेंडू वाळूच्या खड्ड्यात अडकला, आणि साहेबांनी वैतागून ती फेरी तिथेच सोडून दिली. त्याच वर्षी अमेरिकेत विली हंटरशी खेळताना रागाने फेकलेली काठी उसळून एका बाईच्या पायाला लागली. अमेरिकन गोल्फ संघटनेने लेखी तंबी दिली: हा राग आवरला नाहीस तर आमच्या स्पर्धांत खेळणं विसर. वय १९. आमच्या भाषेत सांगायचं तर एचआरचं वॉर्निंग लेटर.

पण मला वाटतं, राग हे लक्षण होतं, रोग वेगळाच होता. जोन्सचा सावलीसारखा सोबती होता ओ. बी. कीलर, अटलांटाचा पत्रकार. जोन्स जिथे खेळेल तिथे हा हजर. त्या दोघांनी मिळून १९२७ मध्ये 'डाउन द फेअरवे' हे पुस्तक लिहिलं. त्यात जोन्स स्वतःच्या हरण्याकडे इतक्या थंड डोक्याने बघतो की एखाद्या फसलेल्या प्रोजेक्टचा प्रामाणिक पोस्टमॉर्टेम रिपोर्ट वाचतोय असं वाटतं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गोल्फ वेगळं आणि स्पर्धेतलं गोल्फ वेगळं. आणि आपण इतकी वर्षं समोरच्या माणसाशी खेळत राहिलो, ही चूक. समोरच्याने मोठा फटका मारला की आपणही जोर लावायचा. त्याने चूक केली की आपण सैलावायचं. म्हणजे आपला खेळ त्याच्या हातात.

यावर त्याला सापडलेला उपाय म्हणजे 'ओल्ड मॅन पार'. प्रत्येक होल चांगल्या खेळाडूने किती फटक्यांत संपवावा याचा एक आकडा ठरलेला असतो, तो पार. जोन्स म्हणायचा, खरा प्रतिस्पर्धी तोच म्हातारा. तो कधी चमत्कार करत नाही आणि कधी घोटाळाही करत नाही. आपल्या गावात पारावर बसलेले आजोबा असतात ना, कोण आलं, कोण गेलं, कोणाची बैलजोडी पुढे गेली, यांना काही फरक पडत नाही, तस्सं. त्या आजोबांशी बरोबरी साधत राहा, समोरचा माणूस आज ना उद्या दमतोच.

हे कळलं म्हणून लगेच जमलं असं मात्र नाही, आणि इथेच मला ही गोष्ट खरी वाटते. जुलै १९२३, न्यूयॉर्कजवळचं इनवुड, यूएस ओपन. जोन्स २१ वर्षांचा. शेवटचे तीन होल राहिले असताना विजय जवळपास हातात. आणि त्या तीन होलना त्याने पारपेक्षा चार फटके जास्त घेतले! पाठोपाठ आलेल्या बॉबी क्रुकशँकने शेवटच्या होलला कमाल करून बरोबरी साधली. सात वर्षांचा फेव्हरिट पुन्हा पडला, असंच सगळ्यांना वाटलं असणार. त्यालाही.

दुसऱ्या दिवशी १८ होलचा प्लेऑफ. सतरा होलनंतर पुन्हा बरोबरी. अठराव्याला ग्रीनच्या पुढ्यात पाणी. क्रुकशँकचा पहिला फटका बिघडला, त्यामुळे त्याला दुसरा पाण्याच्या अलीकडेच ठेवावा लागला. जोन्सचा चेंडू गवताच्या कडेला, मोकळ्या मातीवर, आणि ग्रीन सुमारे १९० यार्डांवर. सुरक्षित खेळायचं की पाण्यावरून मारायचा? बघणारे सांगतात, त्याने फार वेळ घेतलाच नाही. लोखंडी काठी काढली आणि मारला. चेंडू पाणी ओलांडून झेंड्यापासून काही फुटांवर थांबला. ७६ विरुद्ध ७८. सात दुष्काळी वर्षं संपली.

त्यानंतरचं तुम्ही कुठेही वाचू शकता. १९२३ ते १९३० या आठ वर्षांत १३ मोठी विजेतेपदं. ज्या सेंट अँड्र्यूजमधून तो रागाने निघून गेला होता तिथेच १९२७ मध्ये ओपन जिंकला. आणि १९३० मध्ये चारही स्पर्धा एकाच वर्षात: मे महिन्यात सेंट अँड्र्यूज, जूनमध्ये हॉयलेक, जुलैत इंटरलाकेन, सप्टेंबरात मेरियन. तेच मेरियन, जिथे १४ वर्षांचा असताना सुरुवात झाली होती. या चौकाराला कीलरने ब्रिज खेळातला शब्द उचलून 'ग्रँड स्लॅम' म्हटलं. आज आपण टेनिसबद्दल बोलतानाही तोच शब्द वापरतो.

पण मला १३ विजेतेपदांपेक्षा एक पराभव जास्त आवडतो. १९२५, वूस्टर, यूएस ओपन. पहिल्याच फेरीत लांब गवतात काठी टेकवताना चेंडू किंचित हलला. बघितलं फक्त जोन्सने. पंच म्हणाले, आम्हाला काही दिसलं नाही. याने स्वतःवर एका फटक्याचा दंड लावून घेतला. स्पर्धेअखेर विली मॅकफार्लेनशी बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये जोन्स हरला. तो एक फटका नसता तर प्लेऑफची वेळच आली नसती. लोकांनी कौतुक केलं तेव्हा तो म्हणाला, बँक लुटली नाही म्हणून एखाद्याचं कौतुक कराल का? चार वर्षांपूर्वी काठ्या फेकणारा हाच पोरगा, बरं का.

आणि शेवट? १९३० च्या नोव्हेंबरात त्याने स्पर्धा सोडल्या. वय २८. लोकांना धक्का बसला. मला बसत नाही. एकेका स्पर्धेत त्याचं सात-आठ किलो वजन उतरायचं, खाल्लेलं पोटात ठरायचं नाही. इंटरलाकेनच्या उकाड्यात घामाने टायची गाठ इतकी घट्ट बसली की कीलरला ती चाकूने कापावी लागली. चौदाव्या वर्षापासून प्रत्येक यादीत आपलं नाव सगळ्यात वर. हरलो तर बातमी, जिंकलो तर 'अपेक्षेप्रमाणे'. हे ओझं जिंकायला लागल्यावर कमी झालं नाही, वाढलंच. मग त्याने वकिली केली, खेळ शिकवणाऱ्या फिल्म केल्या, ॲलिस्टर मॅकेंझीसोबत ऑगस्टाचं मैदान आखलं.

(ऑगस्टा सगळ्यांसाठी नव्हतं हेही सांगायलाच हवं. तिथे मास्टर्समध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, ली एल्डर, खेळला तो १९७५ मध्ये, जोन्स गेल्यानंतर चार वर्षांनी. स्वतःवर दंड लावणाऱ्या माणसाच्या दारातली ही गोष्ट. ती विसरून त्याची आरती करणं मला जमत नाही.)

मग अंदाज बांधणाऱ्यांचं काय? मला वाटतं १९१६ मधले जाणकार चुकले नव्हते. त्यांनी माणूस बरोबर ओळखला, फक्त तारीख चुकली. स्विंग मैदानाबाहेरून दिसतो. तो कोणाशी खेळतोय, समोरच्याशी की पारावरच्या म्हाताऱ्याशी, हे दिसत नाही. ते त्याचं त्यालाच कळायला सात वर्षं लागली.

आता माझं. यंदा ज्याला प्रमोशन मिळालं तो पलीकडच्याच डेस्कवर बसतो. गेलं वर्षभर त्याने किती तिकिटं बंद केली हे मला पाठ आहे. माझी स्वतःची किती झाली, ते मात्र सिस्टिममध्ये बघावं लागलं. हे लक्षात आलं तेव्हा जरा चरकलोच.

तूर्तास इतकंच. उद्या सोमवार, आणि रिलीज आहे.