केसपेपरवरचं एसओएस

आमच्या सोसायटीतला एक मुलगा मागच्या पावसाळ्यात दारात येऊन उभा राहिला. मुलगा म्हणायचं, पण पन्नाशीला आलाय. खाकी अर्ध्या चड्डीत शाळेला जाताना पाहिलेला म्हणून माझ्यासाठी मुलगाच. वडिलांचा कॅन्सर यकृतात उतरला होता. डॉक्टरांनी ‘आता घरी न्या’ सांगितलं होतं, म्हणजे काय ते त्याला कळलं होतं. घरी नवरा-बायको दोघंही नोकरीला. कोणीतरी हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्यांचे शेवटचे दिवस सांभाळणारं घर, सुचवलं होतं. म्हणाला, “सिस्टर, तुम्ही जन्म वॉर्डात काढलात. चांगलं हॉस्पिस ओळखायचं कसं, सांगा ना.”

मी चहा टाकला आणि उत्तर दुसऱ्या दिवसावर ढकललं. त्याच्या प्रश्नाबरोबर मला एका स्टीलच्या पेल्याचा आवाज ऐकू आला होता.

साल १९८२. मी बावीस वर्षांची, मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात नुकती लागलेली, नाइट ड्युटीवर. कराडकडचे एक काका होते. तंबाखूने जबडा खाल्लेला, बोलता येत नव्हतं. दुखायला लागलं की कॉटच्या दांडीवर पेला वाजवायचे. केसपेपरवर लिहिलेलं असे: इंजेक्शन फोर्टविन, एसओएस. म्हणजे लागलं तर द्या. आता लागतंय की नाही हे ठरवायचं कोणी? मी. चाळीस खाटांना एक सिस्टर आणि एक मावशी. पेला वाजला की मी घड्याळ बघायची आणि म्हणायची, “आत्ताच तर दिलंय काका, थोडं सोसा. सवय लागेल.” ज्या माणसाकडे जेमतेम तीन आठवडे उरलेत त्याला कसली सवय लागणार होती, हे ना मला सुचलं, ना राउंडला येणाऱ्या डॉक्टरांना. आम्ही निर्दय नव्हतो हो. काकांच्या जखमेत किडे पडले तेव्हा टर्पेंटाइनचा बोळा ठेवून, चिमट्याने एकेक किडा मीच काढला. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलली. ‘सिस्टरांनी फार केलं,’ असं त्यांची बायको जाताना पाया पडून म्हणाली. केलं खरंच होतं. पेला मात्र शेवटच्या रात्रीपर्यंत वाजत होता.

सेवा चोख असूनही दुखणं तसंच राहू शकतं. मरणाऱ्यांना आसरा देणारी घरं आपण ज्या मापाने मोजत आलो, त्यात ही गोष्ट फार उशिरा शिरली.

घरं तशी जुनी. फ्रान्समध्ये लियॉंला जान गार्निए या विधवा बाईने १८४२ मध्ये अशा माणसांसाठी काम सुरू केलं. डब्लिनला नन्सनी १८७९ मध्ये हॉस्पिस उघडलं. आपल्याकडे काशीला जाऊन देह ठेवायची चाल तर त्याहून कितीतरी आधीची. तिथलं मुक्तिभवन १९५८ पासूनचं. तिथे खोली मिळते ती साधारण पंधरवड्यासाठी, आणि कोणी तिथे औषधोपचार शोधायला जात नाही. भजन चालू असतं, तोंडात गंगाजल पडतं, माणूस मुक्त झाला की घर कसोटीला उतरलं. त्या घराला मी माझी फूटपट्टी लावणार नाही. त्याने दुखणं थांबवायचा शब्द कधी दिलेलाच नाही.

कोलकात्याच्या कालीघाटचं तसं नाही. मदर तेरेसांनी १९५२ मध्ये उघडलेल्या निर्मल हृदयला साऱ्या जगाने नमस्कार केला. रस्त्यावर मरणाऱ्याला त्यांनी छप्पर दिलं, यात वाद नाही. पण १९९४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक रॉबिन फॉक्स तिथे जाऊन आले आणि त्यांनी लिहिलं की या घरात जोरदार वेदनाशामकं नाहीत. केवढा गदारोळ झाला. आमच्या ड्युटी रूममध्येही दोन तट पडले. एक सिनियर सिस्टर फणकारून म्हणाली, “संताची परीक्षा घ्यायला निघालेत.” मी गप्प बसले, कारण तोवर मला उत्तर ठाऊक झालं होतं. संताची नाही, औषधाच्या कपाटाची परीक्षा चालली होती.

ती परीक्षा सुरू केली सिसिली साँडर्स या बाईने. आधी नर्स. पाठीच्या दुखण्याने नर्सिंग सोडावं लागलं म्हणून मग रुग्णालयातली समाजसेविका. १९४८ मध्ये डेव्हिड टास्मा नावाचा एक पोलिश ज्यू निर्वासित तिच्या देखरेखीखाली कॅन्सरने गेला. जाताना पाचशे पौंड तिच्या नावे ठेवून गेला, तुझ्या घरात मी एक खिडकी होईन म्हणून. घराचा तेव्हा पत्ताही नव्हता. पुढे ती लंडनच्या सेंट ल्यूक्स या मरणाऱ्यांसाठीच्या रुग्णालयात संध्याकाळी फुकट काम करायला जायची. तिथल्या नर्सेस वेदनेचं औषध दुखायची वाट न बघता ठरलेल्या वेळी देत होत्या, हे तिने तिथे पाहिलं. नर्सेस! ही गोष्ट सांगताना माझी मान जरा ताठ होते, ते चालवून घ्या. मोठ्या डॉक्टरांना हे पटवायचं तर स्वतः डॉक्टर व्हावं लागेल, हे एका सर्जनने तिला सांगितलं आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर, १९५७ मध्ये, ती झालीही. मग हॅकनीच्या सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये नन्सबरोबर राहून तिने तेच केलं. तोंडावाटे मॉर्फीन, दर चार तासांनी, मागितलं नाही तरी. आणि शेकडो रुग्णांच्या बारीक नोंदी ठेवल्या. कोणाचं दुखणं किती, डोस किती वाढवावा लागला, झोप लागली का. वेळेवर मिळालं की माणूस औषधाच्या मागे लागत नाही, घड्याळाकडे डोळे लावून बसत नाही, हे त्या नोंदींत दिसलं. मला १९८२ साली जी ‘सवय’ वाटत होती ती एसओएसने लावलेली होती. दुखू द्यायचं, मागायला लावायचं, मग द्यायचं.

१९६७ मध्ये दक्षिण लंडनमध्ये तिचं सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उभं राहिलं, टास्माच्या खिडकीसकट. तिथली मला सगळ्यात आवडती हकीकत मात्र एका बाटलीची आहे. तेव्हा इंग्लंडात मरणाऱ्यांना ‘ब्रॉम्प्टन मिक्श्चर’ देत: मॉर्फीन किंवा हेरॉइन, त्यात कोकेन, दारू, वरून सरबत. सगळे त्याची तारीफ करत. रॉबर्ट ट्वायक्रॉस या तरुण डॉक्टरने सत्तरच्या दशकात तिथेच बसून चाचण्या घेतल्या आणि दाखवून दिलं की कोकेनची गरज नाही, साधं मॉर्फीन तितकंच काम करतं. ज्या घराचं त्या मिश्रणावर नाव झालं होतं, त्याच घराने ते मोडीत काढलं. एखादी संस्था चांगली आहे का, हे मला अशा वेळी कळतं.

आता आपल्याकडे. १९८५ आणि १९८६ ही दोन वर्षं मी विसरणार नाही. १९८६ मध्ये वांद्र्याला, माउंट मेरीच्या टेकडीवर, टाटा रुग्णालयातले सर्जन डॉ. एल. जे. डिसूझा यांनी शांती अवेदना आश्रम उघडला. भारतातलं हे पहिलं हॉस्पिस, आणि एक पैसा न घेणारं. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनेसाठी औषधांची शिडी जाहीर केली: तोंडाने द्या, घड्याळाने द्या, पायरीपायरीने वाढवा, वरच्या पायरीवर मॉर्फीन. आणि त्याच्या एकच वर्ष आधी, १९८५ मध्ये, आपल्या संसदेने अंमली पदार्थांचा कायदा केला होता. दहा वर्षं सक्तमजुरीचा.

घर उघडलं, शिडी आली आणि कपाटाला कुलूप लागलं.

प्रत्येक वॉर्डात एक ‘डीडीए कपाट’ असतं. डेंजरस ड्रग्ज अॅक्ट, १९३० चा. तो कायदा १९८५ मध्ये गेला, नाव अजून भिंतीवर आहे. आत दुसरं दार, दुसरं कुलूप, किल्ली इन्चार्ज सिस्टरच्या कमरेला. एक अॅम्प्युल काढलं की रजिस्टरला दोन सह्या, रिकामी काच परत. नव्या कायद्यानंतर रुग्णालयाला मॉर्फीन ठेवायचं तर वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने लागू लागले, आणि सगळे एकाच वेळी चालू असायला हवेत. शेवटचा हातात येईपर्यंत पहिल्याची मुदत संपायची. हिशेबात चूक निघाली तर तुरुंग, मग ठेवतंय कोण? पुढच्या बारा-तेरा वर्षांत देशातला मॉर्फीनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरला सरकारी परवान्याने अफू पिकते, गाझीपूर आणि नीमचच्या सरकारी कारखान्यांत ती जाते, तिथून परदेशात. आणि आमच्या वॉर्डात पेले वाजतात. डॉक्टरांच्या दोन पिढ्या मॉर्फीनची गोळी हातात न धरता शिकून बाहेर पडल्या. कायदा सुधारला तरी त्यांच्या हाताची भीती सुधारायची राहिली.

कायदा सुधारला २०१४ मध्ये. त्यामागे डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांची वीसेक वर्षांची खटपट होती. १९९३ मध्ये कोझिकोडला त्यांनी आणि सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचा दवाखाना सुरू केला; पुढे केरळात गल्लीगल्लीतले स्वयंसेवक घरोघर जाऊ लागले आणि २००८ मध्ये त्या राज्याने स्वतंत्र धोरणच केलं. कायद्यातल्या त्या सुधारणेमुळे आता मान्यताप्राप्त संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची एक मान्यता पुरते. भारतातल्या वेदनाशमनाच्या क्षेत्रातल्या मंडळींनी स्वतःच्या केंद्रांना तपासण्यासाठी किमान निकषांची यादी केली, त्यातही तोंडाने घ्यायच्या मॉर्फीनचा न तुटणारा पुरवठा आणि वेदनेची लेखी नोंद यांना आवश्यक मानलं. एका इंग्रजी साप्ताहिकाच्या संशोधन विभागाने २०१० मध्ये चाळीस देशांतल्या मरणाची प्रत लावली, तेव्हा आपण चाळिसावे होतो. २०१५ ला ऐंशीत सदुसष्टावे.

अमेरिकेचं वेगळंच. तिथे १९८० च्या दशकात सरकारी विम्यातून हॉस्पिसला दिवसागणिक पैसे मिळू लागले आणि नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्या धंद्यात उतरल्या. माणूस जितके दिवस नावावर तितका पैसा, मग त्याच्याकडे कोणी फिरकलं काय, न फिरकलं काय. म्हणून आता माणूस गेल्यानंतर सरकार घरच्यांना लेखी प्रश्न विचारतं. त्यातला एक मला आमच्यातल्याच कोणा सिस्टरने सुचवला असावा असं वाटतं: संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी हवी ती मदत मिळाली का? शेवटच्या तीन दिवसांत नर्स किती वेळा आली, हेही तिथे मोजतात.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला घेऊन मी पुण्यात तीन ठिकाणं पाहिली. वारज्याचं सिप्लाचं केंद्र १९९७ पासून विनामूल्य चालतं, ते मला माहीत होतं, पण त्याला घराजवळचं हवं होतं. तिन्हींची नावं लिहीत नाही. पहिल्या ठिकाणी संगमरवर, माशांची टाकी, एसी. मॅनेजरला विचारलं, मॉर्फीन ठेवता का? म्हणाला, “लागलं तर बाहेरून मागवतो, मॅडम.” रविवारी रात्री बाहेर कुठून, ते त्याला सांगता आलं नाही. दुसरीकडे मुली फार मायाळू. एका आजींना वरणभात भरवत होत्या, तोंड पुसत होत्या, मला माझीच बाविसाव्या वर्षातली ड्युटी दिसली. चार्ट मागितला. वेदनेचं इंजेक्शन होतं. पुढे एसओएस.

तिसरं जुन्या बंगल्यात, भिंतीला ओल आलेली. त्याचा चेहरा पडला. मी नर्सला एका रुग्णाचा कागद दाखवायला सांगितला. नावावर हात ठेवून तिने दाखवला, हेही मला आवडलं. ताप, नाडी, बीपीच्या शेजारी एक रकाना होता: दुखणं दहापैकी किती. सकाळचा आकडा सात, दुपारचा तीन, रात्रीचा दोन. मॉर्फीन सहा, दहा, दोन, सहा, आणि रात्री दहाला दुप्पट, म्हणजे मध्यरात्री औषधासाठी झोप मोडायला नको. त्याच्याच खाली पोट साफ व्हायचं औषध. मॉर्फीनने पोट गच्च बांधतं. जो डॉक्टर एक लिहितो आणि दुसरं विसरतो, त्याच्या हाती मी मांजरही देणार नाही. मग मी विचारलं, नाइटला किल्ली कोणाकडे? तिने कमरेला हात लावला.

वडील तिथे एकोणीस दिवस होते. मी दोनदा जाऊन आले, एकदा मुद्दाम रात्री अकराला. ते झोपले होते, मुलगा शेजारी खुर्चीत पेंगत होता. खाटेच्या पायाशी केसपेपर टांगलेला होता तो वाचला. एसओएस त्यावरही होतं. वेळेच्या डोसांच्या खाली, मध्येच कळ आली तर जादा द्यायला.