शहापूरची मुलगी, इंग्रजी पेपर आणि तीन रकान्यांची वही



गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतली एक मुलगी रडत घरी आली. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, मराठी माध्यमातून शिकलेली. ॲनाटॉमीत सहा मार्कांनी गेली. तिची आई म्हणाली, "काकू, तुमीच सांगा हिला चार शब्द. सोडतो म्हणालीय." मी काय सांगणार? आत जाऊन ट्रंकेतली जुनी वही काढली आणि तिच्या हातात दिली. ती वही कशी झाली, ते आज लिहिते. गोष्ट माझी एकटीची नाही. बेळगाव भागातल्या मराठी शाळांतून नर्सिंगला गेलेल्या कितीतरी मुलींची आहे.

आधी थोडं मागचं सांगते.

आमच्या घरातली पहिली नर्स मी नव्हे, माझी आत्या. लहान वयात विधवा झाली. तेव्हा आमचं शहापूर सांगली संस्थानात होतं. आजोबा मागावर लुगडी विणायचे. घरात खाणारी तोंडं जास्त, त्यात परत आलेली लेक. कुणीतरी सुचवलं, मिरजेला मिशनच्या दवाखान्यात बायकांना नर्सिंग शिकवतात. डॉक्टर वॉनलेस यांनी १८९० च्या दशकात उभा केलेला तो दवाखाना आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक होता. बेळगावहून मिरजेला मीटरगेज गाडी होती. आत्या त्या गाडीत बसली आणि गल्लीत बोलणी सुरू झाली. कुणाकुणाच्या अंगाला हात लावणार, कुणाची घाण काढणार, जात बाटणार. आजीनं म्हणे दोन वर्षं तिच्या हातचं पाणी घेतलं नाही.

हे फक्त आमच्याकडेच होतं असं नाही. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनानं, जे १९०९ साली सुरू झालं, मुलींना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवलं, तेव्हाही लोकांनी नावं ठेवलीच होती. त्या काळी या कामाला पुढं आलेल्या बऱ्याच बायका विधवा, टाकलेल्या किंवा ख्रिस्ती. ज्यांना समाजानं आधीच बाजूला काढलेलं, त्यांनीच समाजाची जखम धुतली.

आत्या सांगायची, मिरजेला शिकवणं बरंचसं मराठीतून चालायचं. तिच्या वह्या मी बघितल्यात. "रोग्यास कुशीवर वळविणे", "शेक देणे", सगळं मोडी वळणाच्या अक्षरात. तिला अभ्यासाचं भय नव्हतं. भय होतं ते लोकांचं. माझ्या वेळेपर्यंत लोक बऱ्यापैकी गप्प झाले होते, पण अभ्यास उलटला होता.

त्याची कारणं दोन. पहिलं म्हणजे, १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला. त्यात आपल्या देशात सुमारे ४३,००० माणसांमागे एक नर्स असल्याचं म्हटलं होतं. पुढं १९४७ च्या कायद्यानं इंडियन नर्सिंग कौन्सिल आलं आणि देशभर शिक्षणाला एक माप लागलं. ते चांगलंच झालं. इथली नर्स तिथं चालायला लागली, केरळच्या मुली आमच्याकडं शिकायला आल्या, आमच्यातल्या काहीजणी पुढं आखातात गेल्या. पण एक माप म्हणजे एक भाषा, आणि ती इंग्रजी.

दुसरं कारण आमच्या भागाचं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. आत्याची नोंदणी मुंबईला होती, माझी व्हायची होती बंगळूरला. मिरज दीडशे किलोमीटरच्या आत, बंगळूर पाचशेच्या घरात. शाळा मराठी, दवाखान्यात पेशंट निम्म्याहून जास्त कानडी, पुस्तक इंग्रजी. या तिन्हींच्या मधोमध मी १९८१ साली उभी राहिले, पीयूसीचं एक वर्ष कसंबसं करून.

संस्थेचं नाव लिहीत नाही. तिथं मला चांगलीही माणसं भेटली.

पहिले काही महिने नुसते वर्ग होते. नंतर टोपी मिळाली, दिवा लावायचा कार्यक्रम झाला, आणि मग ड्यूटी लागली. आजच्या मुलींना खरं वाटणार नाही, पण आम्ही विद्यार्थिनी म्हणजेच वॉर्ड होतो. बेडपॅन, स्पंजिंग, काचेच्या सिरिंजा उकळायच्या, टीपीआरचे तक्ते भरायचे. रात्री आठ ते सकाळी आठ ड्यूटी आणि दहा वाजता ॲनाटॉमीचा तास. बाकावर बसल्या बसल्या डोळा लागायचा. हॉस्टेलचे दिवे दहाला बंद. पुस्तक घेऊन आम्ही बाथरूमच्या दिव्याखाली उभ्या राहायचो, कारण वॉर्डन तो दिवा बंद करत नव्हती.

आणि वाचायचं काय? एक पान वाचायला मला एक तास लागायचा. गंमत अशी की त्यातलं निम्मं मला येत होतं. शाळेत यकृत शिकले होते, स्वादुपिंड, मूत्रपिंड, अन्ननलिका शिकले होते. पण पँक्रियाज म्हणजे आपलं स्वादुपिंडच, हे मला सहामाहीच्या नंतर कळलं. तोवर मी दोन वेगळे अवयव समजून दोन्ही पाठ करत होते! ट्यूटर मॅडम वर्गात विचारायच्या, "अंडरस्टूड?" आम्ही सगळ्या, "येस मॅडम." न समजलेली मुलगी सगळ्यात मोठ्यानं येस म्हणते, हे मी आता चाळीस वर्षांनी छातीठोक सांगू शकते.

खोलीत आम्ही तिघी. एक बैलहोंगलची, एक कोट्टायमची. कोट्टायमचीचं इंग्रजी आमच्यापेक्षा बरं. बैलहोंगलची शुद्ध कानडी माध्यमाची. पहिले चार महिने माझं आणि तिचं फारसं बोलणं नव्हतं. बाहेर वातावरण तापलेलं होतं. शाळेत पहिली भाषा कानडीच हवी, असं म्हणणारा गोकाक समितीचा अहवाल आलेला, आणि १९८२ ला त्यावरून राज्यभर चळवळ पेटली. आमच्या घरी त्याची धास्ती, तिच्या घरी त्याचा अभिमान. ती मला 'मराठी मंदी' समजायची, मी तिला 'कानडीवाली'.

मग रिझल्ट लागला. शाळेत तेव्हा ३५ ला पास व्हायचे, नर्सिंगला ५० लागायचे. मला ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीत ४१. बोर्डापुढं उभी राहून मी मागं बघितलं तर बैलहोंगलची भिंतीला टेकून रडत होती. तिला ४६.

त्या दिवशी माझ्या डोक्यात पहिल्यांदा उजेड पडला. बाहेर मराठी आणि कानडी एकमेकांशी भांडत होते आणि आत आम्हा दोघींना तिसऱ्याच भाषेनं पाडलं होतं.

घरी सांगायला गेले. आई म्हणाली, "बघ, निपाणीचं स्थळ अजून थांबलंय." पुरवणी परीक्षेत पुन्हा गेले असते तर बॅच सुटली असती आणि स्थळ पक्कं झालं असतं. बाबा मागावर होते. त्यांनी धोटा थांबवला नाही. म्हणाले, "नेमकं काय येईना, ते सांग." मी म्हटलं, जठराचे थर. स्नायूंचे थर असतात, एक उभा, एक गोल, जठरात आणखी एक तिरका. इंग्रजीत लक्षात राहीना. बाबा हसले. "हे काय गे, ताणा आणि बाणाच की! आणि तिसरा तिरका धागा घातलास तर कापड सगळीकडनं ताण सोसतंय. जेवलेलं घुसळायचं तर सोसायलाच पाहिजे." नंतर एवढंच बोलले, "धागा तुटला करून माग मोडत नाहीत. गाठ मारायची."

आईला त्यांनी सहा महिने मागून घेतले.

परत गेल्यावर मी वही आखली. तीन रकाने, मराठी, कानडी, इंग्रजी. कानडीचा रकाना बैलहोंगलचीनं भरायचा, इंग्रजीचा कोट्टायमचीनं तपासायचा. भरता भरता आम्हा दोघींना एक नवल कळलं. पुस्तकी शब्द दोन्हीकडं जवळजवळ तेच! हृदय म्हणजे हृदय, मूत्रपिंड म्हणजे मूत्रपिंड, यकृत म्हणजे यकृत्तु. वेगळे होते ते घरातले शब्द. पोट म्हणजे होट्टे, पाठ म्हणजे बेन्नु, दुखणं म्हणजे नोवु.

रक्ताभिसरण मला राकसकोपनं शिकवलं. राकसकोपच्या धरणाचं पाणी पंपानं वर चढतं, लक्ष्मीटेकला साफ होतं आणि गावात येतं. हृदयात दोन पंप. उजवा पंप मळकं रक्त साफ व्हायला फुप्फुसात पाठवतो, डावा साफ झालेलं रक्त गावभर सोडतो. ही आकृती मी हॉस्टेलच्या भिंतीवर खडूनं काढली होती. वॉर्डननं पुसायला लावली, पण डोक्यातली पुसली गेली नाही. उत्तर कसं लिहायचं ते कोट्टायमचीनं शिकवलं. आधी व्याख्या, मग कारणं, लक्षणं, मग नर्सिंग केअर. प्रत्येकाला हेडिंग, आकृती पेन्सिलनं, वाक्यं लहान. "तुला कादंबरी लिहायची नाही," म्हणायची.

याच काळात एक प्रसंग घडला, जो मी आजवर कमीजणांना सांगितलाय.

रात्रपाळी होती. ऑपरेशन झालेली एक म्हातारी, सौंदत्तीकडची. रात्रभर मला हाक मारत होती, "तंगी, उच्ची बरवल्दु." मला वाटलं, उशी मागतेय. उशी सारखी केली. पुन्हा तेच. पांघरूण घातलं. पाणी दिलं, ती मान हलवून नको म्हणाली. पुढं ती गप्प झाली आणि मला वाटलं, झोपली. सकाळी स्टाफ सिस्टरनं पोटाला हात लावला आणि माझ्याकडं बघितलं. मूत्राशय दगडासारखं भरलेलं. म्हातारी रात्रभर सांगत होती, लघवी होत नाही.

कॅथेटर घातला, तिला बरं वाटलं. जाताना माझ्या गालावरून हात फिरवून गेली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. सिस्टर ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "पेपरात नापास झालीस तर परत बसता येतं. इथं नाही."

त्या दिवसापासून वहीतला कानडीचा रकाना परीक्षेसाठी राहिला नाही. मी बैलहोंगलचीला म्हटलं, मला पुस्तकातलं नको, तुझ्या आजीचं कानडी शिकव. आणि तिला मी माझ्या आजीचं मराठी शिकवलं. कळ, ठणका, चमक, मुरडा, भोवळ. दुखण्याला दोन्ही भाषांत किती शब्द आहेत, आणि इंग्रजी पुस्तकात बहुतेक ठिकाणी एकच, पेन!

पुरवणीच्या आधी आम्ही लघवी अडकल्यावर काय करायचं ते तिन्ही भाषांत घोकलं. आडोसा करा, नळाचं पाणी ऐकू येऊ द्या, कोमट पाणी ओता, गरम पाण्याची पिशवी ठेवा, कॅथेटर सगळ्यात शेवटी. कधी ना कधी विचारतील म्हणून. तो प्रश्न मला कधीच आला नाही, ना लेखीत ना तोंडीत. पुढं प्रॅक्टिकलला आला तो एनिमा! पण पुरवणीच्या पेपरात रक्ताभिसरण होतं. राकसकोपला मनातल्या मनात नमस्कार केला.

मला ५४, बैलहोंगलचीला ५८. निपाणीचं स्थळ दुसरीकडं गेलं. बाबांनी गल्लीत पेढे वाटले, आणि पहिला पेढा आत्याच्या फोटोपुढं ठेवला.

नर्सिंगच्या इतिहासाच्या पुस्तकात नाइटिंगेलबाईंवर पानंच्या पानं होती. १२ मे १८२० चा जन्म, १८६० ची लंडनची शाळा, सगळं पाठ. त्यात एका ओळीत एक नाव होतं, बाई काशीबाई गणपत, १८९१ साली शिकायला आलेली पहिली भारतीय नर्स. कोट्टायमचीनं विचारलं होतं, "ही तुमची का?" मी म्हटलं, नावावरून तरी आमचीच. ती काय शिकली, कुठल्या भाषेत शिकली, नापास झाली होती का, कुणीच लिहून ठेवलेलं नाही. म्हणून हे लिहितेय.

पुढं जून १९८६ ला कन्नडसक्तीच्या विरोधात आंदोलन झालं, गोळीबार झाला, आपली माणसं गेली. हिंडलग्याला त्यांचं स्मारक आहे, मी दरवर्षी जाते. ज्या भाषेत मूल पहिल्यांदा शिकतं ती त्याच्यापासून काढून घेऊ नये, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. आणि त्याच वर्षी मी वॉर्डात कानडी पेशंटशी कानडीतच बोलत होते. काहीजण म्हणायचे, तू दोन्हीकडची. मी म्हणायचे, ड्यूटीवर असते तेव्हा खाटेवरच्याची.

आता ती वही गल्लीतल्या मुलीकडं आहे. परवा फोन आला, "काकू, पँक्रियाज म्हणजे स्वादुपिंडच की! मला कुणी सांगितलंच नव्हतं." मी हसले, आणि थोडं वाईटही वाटलं. चाळीस वर्षं झाली आणि अजून कुणी सांगत नाही.

तिची पुरवणी पुढच्या महिन्यात आहे. रोज संध्याकाळी येते. काल राकसकोपची आकृती काढून दिली. आज जठर आहे. बाबा नाहीत, पण माग अजून माडीवर आहे. तिला वर नेऊन ताणा-बाणा दाखवणार आहे.

तुमच्यापैकी कुणी अशी शिकली असेल, आईनं, मावशीनं, आत्यानं सांगितलं असेल, तर लिहा. नापास झालेल्यांनी तर नक्की लिहा.