दुसऱ्या स्थानाचा नट : गॉर्डन जॅक्सन

बोलपटाच्या आरंभीं पडद्यावर जी नामावळी झळकते तिच्यांतील पहिलीं दोन नांवें प्रेक्षक वाचतो, तिसरें वाचल्यासारखें करतो, आणि चौथ्या-पांचव्या नांवापर्यंत त्याची दृष्टि क्वचितच पोहोंचते. ज्या स्कॉटिश नटाच्या कारकीर्दीचा वृत्तान्त मी आज आपणांस निवेदन करणार आहें, त्याचें नांव सुमारें तीस वर्षें या चौथ्या-पांचव्या जागींच छापलें जात होतें. सेनापतीचें चरित्र लिहावें आणि शिलेदाराचें लिहूं नये असा इतिहासकारांचा प्रघात आहे. रंगभूमीच्या इतिहासांतहि तोच चालतो. परंतु गॉर्डन जॅक्सन याचें आयुष्य पाहिलें म्हणजे दुय्यम भूमिका ही एक स्वतंत्र विद्याच असावी, आणि ती साधावयास उभें आयुष्य वेंचावें लागत असावें, असें मला वाटूं लागतें.

ग्लासगो शहरीं १९ डिसेंबर १९२३ रोजीं त्याचा जन्म झाला. पांच भावंडांत तो शेंडेफळ. ग्लासगो म्हणजे क्लाइड नदीच्या कांठचें, जहाजें बांधणाऱ्या कारखान्यांचें शहर. तेथील मुलानें नट व्हावें अशी अपेक्षा कोणी कशाला करील? मात्र शाळेंत असतांनाच बी. बी. सी. च्या मुलांच्या कार्यक्रमांतून त्याचा आवाज नभोवाणीवर ऐकूं येऊं लागला होता. ज्या मुलाची नाट्यकलेशीं पहिली ओळख मायक्रोफोनपुढें होते त्याला चेहरा, पोषाख, रंगभूषा यांचा कांहींच आधार नसतो. शब्द कोठें टाकावा आणि कोठें थांबावें, एवढेंच त्याचें भांडवल. पंधराव्या वर्षीं शाळा सुटली आणि हा मुलगा रोल्स-रॉइस कंपनींत यंत्रांचे आराखडे काढणारा ड्राफ्ट्समन म्हणून रुजू झाला. केसाएवढी रेघ चुकली तर यंत्राचा भाग बसत नाहीं, असें तें काम. पुढें त्याच्या अभिनयांत जी मोजून-मापून बोलण्याची व हालण्याची वृत्ति दिसते तिचें मूळ मी या मेजावर शोधतों. हें पुराव्यानें सिद्ध करतां येणार नाहीं. पण मास्तराला एवढी मुभा असावी.

१९४२ सालीं ईलिंग येथील स्टुडिओला एक तरुण स्कॉट हवा होता. बोलपटाचें नांव 'दि फोरमन वेन्ट टु फ्रान्स'. जर्मन सैन्य येऊन पोहोंचण्यापूर्वीं फ्रान्सांतील महत्त्वाचीं यंत्रें सोडवून आणण्यास गेलेल्या एका कारखान्याच्या मुकादमाची ती हकीकत, आणि ती खऱ्या घटनेवर आधारलेली होती. जॅक्सनचें नांव कोणी तरी सुचविलें, त्यानें सैनिकाचें काम केलें, आणि चित्रण संपल्यावर तो पुन्हा आपल्या आराखड्यांकडे परत गेला. पण बोलावणीं येतच राहिलीं. १९४३ सालीं 'मिलियन्स लाइक अस' आणि 'सॅन डिमेट्रिओ, लंडन' हे बोलपट निघाले. अखेर त्यानें नोकरी सोडली.

युद्धकाळच्या इंग्रजी बोलपटांत एक लंडनकर, एक वेल्श, एक स्कॉट अशी जणूं शिरगणती करून तुकडी उभी करीत, म्हणजे सारें राष्ट्र एकदिलानें लढत आहे असें दिसावें. त्या शिरगणतींतला स्कॉट म्हणजे जॅक्सन. त्याची ग्लासगोची बोली त्याच्या पोटाला घालीत होती हें खरें, पण तिनेंच त्याच्या पायांत बेडीहि घातली. भला, लाजाळू, तांबूस गालांचा स्कॉट पोरगा हवा असला कीं त्याला बोलवावें, एरवीं त्याची आठवण होऊं नये, असें वर्षानुवर्षें चाललें.

या वर्षांतला एक बोलपट मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. १९४१ च्या फेब्रुवारींत 'पॉलिटिशियन' नांवाचें जहाज स्कॉटलंडच्या पश्चिमेस एरिस्के बेटाजवळ खडकाळ उथळ पाण्यांत रुतलें. त्याच्या पोटांत व्हिस्कीच्या दोन लाखांहून अधिक बाटल्या होत्या, आणि युद्धामुळें बेटांवर व्हिस्कीचा दुष्काळ. पुढें काय झालें तें सांगावयास नको. कॉम्प्टन मॅकेन्झी यानें त्यावर कादंबरी लिहिली आणि १९४९ सालीं 'व्हिस्की गलोर' हा बोलपट निघाला. त्याचें चित्रण बारा या बेटावर झालें. जॅक्सननें त्यांत गांवचा शाळामास्तर केला आहे. हा मास्तर वयानें मोठा, पण आईपुढें तोंडांतून शब्द निघत नाहीं. धर्मनिष्ठ आई त्याला खोलींत कोंडून घालते. अखेर व्हिस्कीचा घोट पोटांत गेल्यावर त्याला वाचा फुटते आणि लग्नाची गोष्ट तो आईच्या तोंडावर बोलून दाखवितो. शाळामास्तर भित्रा दाखविण्याची ही चाल देशोदेशीं कां असावी, असें मी या पेशांतला माणूस म्हणून विचारूं शकतों. पण जॅक्सनच्या मास्तरावर रागावतां येत नाहीं. तो हास्यास्पद दिसतो, क्षुद्र कधींच दिसत नाहीं.

१९५१ सालीं रोना अँडरसन या स्कॉटिश नटीशीं त्याचा विवाह झाला. दोघांनीं 'फ्लडटाइड' या बोलपटांत बरोबर काम केलें होतें. नंतरच्या दहा वर्षांत भूमिका पुष्कळ, पण सांगण्यासारखें थोडें. त्या काळांतलें खरें काम रंगभूमीवर शोधावें. १९५५ सालीं ऑर्सन वेल्स यानें 'मोबी डिक' या कादंबरीचा नाट्यप्रयोग लंडनमध्यें केला, त्यांत जॅक्सन हा इश्मएल झाला. १९६६ सालीं अॅलेक गिनेस मॅकबेथ झाला, तेव्हां जॅक्सन बँको होता. १९६९ सालीं निकोल विल्यम्सन याच्या हॅम्लेटबरोबर तो होरेशिओ म्हणून उभा राहिला आणि त्याबद्दल त्याला क्लॅरेन्स डरवेंट पारितोषिक मिळालें. हें पारितोषिक सहायक भूमिकांसाठींच असतें. या तिन्ही पात्रांत एक सूत्र आहे. तिघेहि पाहणारे व ऐकणारे आहेत. जहाज बुडाल्यावर हकीकत सांगण्यास इश्मएल उरतो, चेटकिणींचें भविष्य मॅकबेथबरोबर बँकोनेंहि ऐकलेलें असतें, आणि हॅम्लेट मरतांना आपली कथा जगाला सांगण्याचें काम होरेशिओवर सोंपवितो. आपल्याकडील संजयाची जात ही. नायक बोलत असतांना त्याचें ऐकणें प्रेक्षकांना दिसलें पाहिजे, आणि तरीहि त्यांचें लक्ष नायकावरून ढळूं नये, हें सोंपें नव्हे. हौशी नाटकांत आपण पाहतों, ज्याला वाक्य नाहीं तो नट एक तर प्रेक्षकांत ओळखीचा चेहरा शोधतो, नाहीं तर खांबासारखा उभा राहतो.

आतां १९६३ सालच्या 'दि ग्रेट एस्केप' या बोलपटाकडे वळूं. १९४४ च्या मार्च महिन्यांत जर्मनांच्या युद्धबंद्यांच्या छावणींतून ७६ वैमानिक भुयारानें निसटले. त्यांतले ७३ पुन्हां सांपडले व ५० जणांना गोळ्या घालून ठार केलें, ती ही कथा. रिचर्ड अॅटनबरो हा पलायनाचा सूत्रधार आणि जॅक्सन त्याचा उजवा हात. निसटण्यापूर्वीं बंद्यांची परीक्षा घेणें हें याचें काम. जर्मन वा फ्रेंच बोलतां बोलतां तो मध्येंच इंग्रजींत कांहीं विचारी, आणि जो इंग्रजींत उत्तर देई त्याला बजावी कीं हा सांपळा फार जुना आहे. पुढें हा परीक्षक आणि त्याचा नायक बसमध्यें चढत असतात. कागदपत्रें तपासून झालेलीं, अधिकाऱ्याचें समाधान झालेलें. पाय पायरीवर असतांना तो अधिकारी सहज इंग्रजींत शुभेच्छा देतो, आणि जॅक्सन वळून तितक्याच सहज इंग्रजींत आभार मानतो. दोन शब्द. त्या दोन शब्दांत सारें संपतें. पुढें दोघेहि पकडले जातात व मारले जातात.

भाषा शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें, म्हणून हा प्रसंग मला विशेष वाटतो. माणूस परकी भाषा कितीहि घोटो. दुखलें, दचकला किंवा कोणी चांगलें बोललें, कीं आंतली भाषा उसळून येते. जॅक्सननें येथें भीतीचा लवलेशहि दाखविला नाहीं. त्या क्षणीं तो फक्त एक सुसंस्कृत गृहस्थ असतो, आणि सुसंस्कृतपणाच त्याचा घात करतो. बोलपटांत मोठमोठे नट होते, मोटार-सायकलीच्या उड्या होत्या. तरी हा क्षण लोकांच्या ध्यानांत राहिला.

१९६९ सालीं 'दि प्राइम ऑफ मिस जीन ब्रोडी' या बोलपटांत तो पुन्हां शिक्षक झाला. या वेळीं एडिंबरोच्या मुलींच्या शाळेंतला संगीत-शिक्षक. नायिका मॅगी स्मिथ हिला ऑस्कर मिळालें. गमतीची गोष्ट अशी कीं कथेंत हा संगीत-शिक्षक नायिकेचा नाद सोडून ज्या बाईशीं लग्न ठरवितो, ती बाई जॅक्सनची खरीखुरी पत्नी रोना हिनेंच वठविली आहे.

आणि मग १९७१ साल उजाडलें. जीन मार्श व आयलीन अॅटकिन्स या दोन नट्यांना एक दूरचित्रवाणी-मालिका सुचली होती. दोघींच्याहि घरच्या वडीलधाऱ्या माणसांनीं श्रीमंतांच्या घरीं चाकरी केलेली. मालिकेचें नांव 'अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स', म्हणजे वरचा मजला आणि तळघर. लंडनच्या ईटन प्लेसमधील बेलामी कुटुंब वरच्या मजल्यांवर राहतें, आणि नोकरमंडळींचें जग स्वयंपाकघराच्या तळमजल्यावर चालतें. १९०३ पासून १९३० पर्यंतचा काळ ६८ भागांत दाखविला आहे. बटलर हडसन याचें काम जॅक्सनला मिळालें, तेव्हां त्याला अठ्ठेचाळिसावें वर्ष चालू होतें.

हडसन हा स्कॉट, कडवा धार्मिक, शिस्तीचा भोक्ता. जी बोली जॅक्सनची बेडी होती तीच येथें त्याचें शस्त्र झाली; एकेक व्यंजन तो नाण्यासारखें वाजवून टाकतो. तळमजल्यावर हडसन राजा आहे. जेवणाच्या मेजाच्या टोंकाला तो बसतो, आणि मोलकरणीच्या हातून कपबशीचा आवाज झाला तरी त्याची भुंवई वर चढते. घंटा वाजते, तो जिना चढतो, आणि त्या दहा-वीस पायऱ्यांत राजाचा सेवक होतो. पाठीचा कणा ताठच राहतो, पण आवाज अर्ध्यावर येतो. आपल्या धन्यांपेक्षां हडसन अधिक सनातनी आहे. धनी जुनी रीत सोडावयास तयार होतात, हा होत नाहीं. कारण ती रीत मोडली तर धन्याचें वैभव उरेल, पण हडसनच्या आयुष्याचा अर्थ उरणार नाहीं. लेखकांनीं हें लिहिलें खरें, पण जॅक्सननें तें जिन्यावरच्या चालण्यांतून दाखविलें.

पहिल्या महायुद्धाच्या आरंभींचा एक भाग आहे. शत्रूच्या क्रौर्याच्या अफवा शहरभर पसरतात, आणि हा विवेकी, बायबल वाचणारा माणूस द्वेषानें पेटतो. ज्या जर्मन भटारखानेवाल्याकडून घरांत पाव येत असतो, त्याच्याच दुकानावर जमाव चालून जातो. जॅक्सननें येथें हडसनची बाजू घेतली नाहीं व त्याला खलपुरुषहि केलें नाहीं. चांगला माणूस किती सहज अन्यायी होतो, हें तो ज्या शांतपणें दाखवितो तें पाहून अंगावर कांटा येतो. याच भागाबद्दल १९७६ सालीं त्याला अमेरिकेंत एमी पारितोषिक मिळालें. तेंहि सहायक भूमिकेचेंच.

मालिकेच्या शेवटीं हडसन स्वयंपाकीणबाई मिसेस ब्रिजेस हिच्याशीं लग्न करून हेस्टिंग्जला पाहुण्यांसाठीं घर चालवावयास निघून जातो. प्रेक्षकांना त्याला हात जोडलेल्या पवित्र्यांतच पाहावयाचें होतें. परंतु जॅक्सन १९७७ सालीं 'दि प्रोफेशनल्स' या मालिकेंत गुप्त सुरक्षा-पथकाचा करडा, शिवराळ प्रमुख काउली झाला, आणि ज्या तरुणांनीं हडसन पाहिला नव्हता त्यांनाहि ठाऊक झाला. १९७९ सालीं त्याला ओ. बी. ई. हा किताब मिळाला. १९८१ सालीं नेव्हिल शूट याच्या कादंबरीवरील 'अ टाउन लाइक अॅलिस' ही ऑस्ट्रेलियन मालिका आली. तींत त्यानें एका वृद्ध वकिलाचें काम केलें व तेथील लोगी पारितोषिक मिळविलें. हा वकील एका तरुण स्त्रीची युद्धांतली हकीकत समोर बसून ऐकून घेतो. तिच्यावर त्याचा जीव जडतो, तें तो बोलत नाहीं, आणि ती दुसऱ्याकडे निघून जाते.

१५ जानेवारी १९९० रोजीं लंडनमध्यें जॅक्सन वारला. त्या वेळीं तो सहासष्ट वर्षांचा होता. मागें पत्नी रोना व दोन मुलगे होते.